आधी आकडा वाचा

1996 साली मुंबईच्या एका कचेरीत मी रात्रपाळीला हिशेबाच्या फायली दुसऱ्या गावच्या संगणकाकडे पाठवीत असे. टर्मिनलवर एक आज्ञा टंकायची, उत्तर वाचायचे, मग दुसरी. कंटाळून मी साऱ्या आज्ञा एका फायलीत लिहिल्या आणि काम संगणकावर सोपवले. एका रात्री फाईल पोहोचलीच नाही. पलीकडे जागा संपली होती. त्या यंत्राने 452 असे उत्तरही दिले होते. माझ्या आज्ञांनी ते वाचलेच नव्हते. सकाळी बोलणी मी खाल्ली.

त्या आकड्याचा माग काढताना जॉन पोस्टेल भेटले. 6 ऑगस्ट 1943 रोजी कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या दाढीवाल्या गृहस्थांनी 1969 पासून जाळ्याच्या नियमांची टिपणे निगुतीने संपादित केली. 1985 साली जॉयस रेनॉल्ड्स यांच्यासह त्यांनी एफटीपीचा नियम नव्याने मांडला. त्यात उत्तरातले शब्द माणसासाठी, तीन आकडे यंत्रासाठी. पहिला अंक 2 म्हणजे काम झाले, 3 म्हणजे पुढची आज्ञा द्या, 4 म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा, 5 म्हणजे तीच आज्ञा पुन्हा देऊ नका.

मग मीही आज्ञांना आकडा वाचायला शिकवले. 226 आल्याशिवाय फाईल पोहोचली असे धरायचे नाही. 4 आला तर थांबून पुन्हा पाठवायची.

16 ऑक्टोबर 1998 रोजी लॉस एंजेलिसला पोस्टेल गेले. वय अवघे 55. त्यांनीच 1982 साली ई-मेलचा नियम लिहिला होता. आपले पत्र पोहोचवणारी यंत्रे आजही एकमेकांना तीन आकड्यांतच उत्तर देतात.