आजारपणात कागदाची माणसं रंगवणाऱ्या पोराने पुढे 'ट्रेझर आयलंड' लिहिलं

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारखे टेबलटॉप गेम खेळणाऱ्यांचं एक रडगाणं कायम असतं. खेळ परवडतो, पण खेळातली माणसं परवडत नाहीत. टेबलावर उभे करायचे योद्धे, राक्षस, जादूगार, म्हणजेच मिनिएचर, धातूचे किंवा प्लास्टिकचे घ्यायचे म्हटले की खिसा रिकामा होतो.

मग अनेक जण एक सोपा मार्ग काढतात. जाड कागदावर पात्राचं चित्र प्रिंट करायचं. पुढची बाजू आणि पाठ एकाच पट्टीवर असते, ती मधोमध दुमडून चिकटवायची. कडेने कापायचं, खाली पुठ्ठ्याची बैठक लावायची आणि टेबलावर उभं करायचं. झालं पेपर मिनिएचर तयार.

आता तुम्ही म्हणाल, घरोघरी प्रिंटर आले म्हणून हे सुरू झालं असेल. तर तसं नाही. कागदाची माणसं विकत आणायची, रंगवायची, पुठ्ठ्यावर चिकटवून कापायची आणि टेबलावर नाचवायची हा छंद इंग्लंडमध्ये दोनशे वर्षांपूर्वी जोरात होता. त्या छंदाने वेडं झालेलं एक पोरगं पुढे जगप्रसिद्ध लेखक झालं. नाव रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन.

एकाच माणसात दोन माणसं दिसली की आपण 'जेकिल आणि हाईड' म्हणतो, ते याच्याच पुस्तकातून आलं. समुद्री चाचे, पुरलेला खजिना आणि नकाशावरची लाल फुली हे सगळं लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं तेही याच्याच 'ट्रेझर आयलंड'ने. पण हे पुस्तक जन्माला आलं ते एका खेळातून.

दीपगृहं बांधणाऱ्या घरातला आजारी मुलगा

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा. घराणं इंजिनिअरांचं. आजोबांनी भर समुद्रातल्या खडकावर बेल रॉकचं दीपगृह बांधलं होतं. वडील थॉमस स्टीव्हन्सन यांचंही आयुष्य दीपगृहं बांधण्यात गेलं. मुलगा एकुलता एक, म्हणजे पुढे तो काय करणार हे घरात जवळपास ठरलेलंच होतं.

अडचण एकच होती. मुलाची छाती कमजोर होती.

एडिनबराची थंडी आणि धुकं त्याला सोसायचं नाही. हिवाळे अंथरुणातच जायचे. रात्र रात्र खोकल्याने झोप लागायची नाही. त्याला सांभाळणारी ॲलिसन कनिंगहॅम मग त्याला उचलून खिडकीशी न्यायची आणि समोरच्या घरांमधले दिवे दाखवायची. त्या घरांतही कुणी आजारी मूल जागं असेल का, असे विचार दोघांच्या मनात यायचे.

अंगणात खेळायची सोय नाही, म्हणून त्याने अंथरुणाचंच अंगण केलं. पांघरुणाच्या वळ्या म्हणजे डोंगर आणि त्यावरून चालणारी शिशाच्या शिपायांची पलटण. पुढे मोठेपणी त्याने मुलांसाठी कवितांचं पुस्तक लिहिलं, त्यात या खेळावर एक कविता आहे. १८८५ साली आलेलं ते पुस्तक त्याने आपल्याला सांभाळणाऱ्या ॲलिसनलाच अर्पण केलं.

सहा वर्षांचा असताना त्याचा चुलत भाऊ बॉब एक हिवाळा त्यांच्या घरी राहायला आला. मग काय, दोघांनी दोन देश काढले. एकाचं नाव नोसिंग्टोनिया, दुसऱ्याचं एन्सायक्लोपीडिया. दोघे आपापल्या देशाचे राजे. लढाया करायच्या, शोध लावायचे आणि सतत नकाशे काढत बसायचं. याच हिवाळ्यात दोघं मिळून कागदी थिएटरमधली माणसंही रंगवायचे आणि कापायचे.

एक पेनी साधा, दोन पेनी रंगीत

हे कागदी थिएटर काय होतं?

१८११ च्या सुमारास लंडनमध्ये याची सुरुवात झाली. शहरात एखादं नाटक गाजलं की त्यातल्या पात्रांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायचे. पात्रं, पडदे, बाजूचे विंग, सगळं कागदावर. सोबत कापून-छाटून लहान केलेलं नाटकाचं पुस्तक. साधा, बिनरंगाचा कागद एक पेनीला आणि हाताने रंगवलेला दोन पेनीला.

घरी आणून तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि पात्रं कापायची. मग लाकडाच्या छोट्या रंगमंचावर तारेने किंवा पट्टीने बाजूने सरकवत नाटक करायचं. कागदाच्या माणसाला हात हलवता येत नाहीत. त्यामुळे एकच पात्र वेगवेगळ्या पवित्र्यांत छापलेलं असायचं. एक तलवार उपसताना, एक पळताना, एक मरून पडलेलं. प्रसंग बदलला की माणूस बदलायचा.

एडिनबरामध्ये लीथ वॉक रस्त्याच्या कोपऱ्यावर एका स्टेशनरीच्या दुकानात हे कागद मिळायचे. दुकानाच्या काचेत एक मांडलेलं थिएटर असायचं. खिशात पैसे असोत-नसोत, छोटा स्टीव्हन्सन तिथे काचेला नाक लावून उभा. पैसे असले की आत जाऊन एकेक कागद बघत बसायचा. कुठला घ्यायचा हे ठरेपर्यंत दुकानदाराचा जीव मेटाकुटीला यायचा.

तो नेहमी एक पेनीवालाच कागद घ्यायचा. परवडत नाही म्हणून नाही. रंगीत कागद घेतला तर आपण करायचं काय, असं त्याचं म्हणणं होतं. क्रिमझन लेक म्हणजे गडद लाल आणि प्रशियन ब्लू म्हणजे निळा मिसळला की सरदारांच्या झग्यासाठी हवा तसा जांभळा रंग यायचा. निळ्यात गॅम्बोज नावाचा पिवळा घातला की हिरवा. ही मिश्रणं त्याला तिशी उलटल्यावरही तोंडपाठ होती.

१८८४ साली त्याने या छंदावर एक लेख लिहिला आणि त्यात एक कबुली दिली. कागद निवडण्यात आणि रंगवण्यात खरा आनंद होता. सगळं रंगवून झालं की मजा संपली. प्रत्यक्ष नाटक करणं म्हणजे तर कंटाळाच. आज मिनिएचर रंगवण्यात रात्री घालवणारे आणि प्रत्यक्ष खेळ क्वचितच खेळणारे लोक हे वाचून नक्की हसतील.

त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे. समुद्री चाचे, दरोडेखोर, जंगलं, वादळं हे सगळं आपल्या डोक्यात आलं ते या कागदांमधूनच, असं तो उघडपणे मान्य करतो.

वडिलांची निराशा

पुढे तो इंजिनिअरिंगला गेला, पण त्यात मन रमलं नाही. मग वडिलांच्या समाधानासाठी कायदा शिकला. १८७५ मध्ये वकिलीची सनद मिळाली, पण वकिली केलीच नाही. त्याला लिहायचं होतं. त्यातच आपला धर्मावर विश्वास उरला नसल्याचं त्याने श्रद्धाळू वडिलांना सांगून टाकलं. घरात मोठा स्फोट झाला.

१८७६ मध्ये फ्रान्समध्ये त्याला फॅनी ऑस्बोर्न भेटली. अमेरिकन, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, लग्न झालेली आणि मुलं असलेली. तीन वर्षांनी ती अमेरिकेत असताना हा घरच्यांना न सांगता बोटीत बसला. प्रवासात आणि उपासमारीत मरता मरता वाचला. फॅनीचा घटस्फोट झाला आणि मे १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला दोघांनी लग्न केलं. वडिलांनी राग गिळला आणि पैसे पाठवले.

लग्नासोबत त्याला बारा वर्षांचा सावत्र मुलगाही मिळाला. त्याचं नाव लॉइड.

माळ्यावरचं युद्ध

फुप्फुसांसाठी डॉक्टरांनी उंचावरची कोरडी हवा सांगितली. म्हणून १८८० आणि १८८१ चे हिवाळे हे कुटुंब स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला राहिलं. आज दाव्होस म्हटलं की बडे नेते आणि उद्योगपती आठवतात. तेव्हा तिथे छातीचे रोगी जायचे.

तिशीतला आजारी माणूस, सोबत एक शाळकरी मुलगा आणि बाहेर बर्फ. मग दोघांचे खेळ सुरू झाले. लॉइडकडे छोटं छपाईयंत्र होतं. स्टीव्हन्सन त्यासाठी लाकडावर चित्रं कोरायचा, कविता लिहायचा आणि पोरगं त्या पुस्तिका छापून विकायचं. लॉइडचं कागदी थिएटरही होतं. पण सगळ्यात रंगला तो युद्धाचा खेळ.

घराला थंडगार, अंधारा माळा होता. मोडक्या शिडीने वर चढायचं. छत इतकं खाली की धड उभंही राहता येत नसे, उजेडाला मेणबत्ती. त्या फळ्यांवर दोघांनी रंगीत खडूंनी नकाशा काढला. डोंगर, नद्या, गावं, पूल आणि चांगले-वाईट असे दोन प्रकारचे रस्ते. त्यावर शिशाच्या शिपायांच्या फौजा.

नियमही साधे नव्हते. हवामान बिघडलं की रस्ते खराब होणार. तोफा पायदळापेक्षा हळू जाणार. रसद पोचली नाही तर फौज अडणार. पूल बांधता यायचे, उडवताही यायचे. सुरुवातीला काही तासांत संपणारं युद्ध पुढे आठवडेच्या आठवडे चालायला लागलं.

स्टीव्हन्सन त्या युद्धाच्या बातम्याही लिहायचा. त्यासाठी 'ग्लेंडारूल टाइम्स' आणि 'यालोबॅली रेकॉर्ड' अशी वर्तमानपत्रं त्याने मनानेच काढली होती. त्यात सेनापती स्टीव्हन्सन आणि सेनापती ऑस्बोर्न यांची यथेच्छ खिल्ली असायची. लॉइडने पुढे १८९८ मध्ये या बातम्या अमेरिकेतल्या एका मासिकात छापल्या, म्हणून आपल्याला हे सगळं माहीत आहे.

पावसात काढलेला नकाशा

दाव्होसच्या दोन हिवाळ्यांच्या मधला उन्हाळा. ऑगस्ट १८८१, स्कॉटलंडमधलं ब्रेमार गाव. सुट्टीला आले आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. लॉइड रंगपेटी घेऊन चित्रं काढत बसलेला. तिथे एका बेटाचा नकाशा तयार झाला. आधी कुणी काढला याबद्दल दोघांच्या आठवणी वेगळ्या आहेत. स्टीव्हन्सन म्हणतो मी, लॉइड म्हणतो मी.

पण पुढचं पक्कं आहे. स्टीव्हन्सनने बेटाला नाव दिलं 'ट्रेझर आयलंड'. नकाशाकडे बघता बघता त्याला झाडीतून माणसं बाहेर येताना दिसायला लागली. त्याने कागद ओढला आणि प्रकरणांची यादी लिहिली. लॉइडची अट एकच होती, गोष्टीत बायका नकोत.

रोज एक प्रकरण लिहायचं आणि जेवणानंतर घरच्यांना वाचून दाखवायचं. श्रोत्यांमध्ये वडील थॉमस स्टीव्हन्सनही होते. हे कडक शिस्तीचे इंजिनिअर रोज रात्री झोपताना स्वतःलाच जहाजांच्या, दरोडेखोरांच्या आणि म्हाताऱ्या खलाशांच्या गोष्टी सांगायचे. आता मुलगाच तशी गोष्ट सांगत होता. वडील खेळात उतरले. बिली बोन्सच्या पेटीत काय काय सापडलं, ती यादी त्यांनी करून दिली. फ्लिंटच्या जहाजाला 'वॉलरस' हे नावही त्यांचंच.

पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं झाली आणि लेखणी अडली. उरलेली गोष्ट त्याने त्या हिवाळ्यात दाव्होसला पूर्ण केली, पुन्हा रोज एक प्रकरण या वेगाने. म्हणजे जिम हॉकिन्स आणि लाँग जॉन सिल्व्हर यांची झुंज कागदावर संपत होती, तेव्हा लेखक दाव्होसमध्ये फौजाही हलवत होता.

'यंग फोक्स' साप्ताहिकात टोपणनावाने गोष्ट छापून आली, पण फार गाजली नाही. १८८३ मध्ये पुस्तक आलं आणि मग तो खऱ्या अर्थाने प्रसिद्ध झाला. त्याआधी एक गोंधळ झाला. प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा पोचलाच नाही, वाटेत हरवला.

आता उलटं काम करायचं होतं. पूर्ण पुस्तक पुन्हा वाचून, त्यातल्या प्रत्येक उल्लेखाशी जुळेल असा नकाशा काढायचा. हे काम वडिलांच्या ऑफिसात झालं, जिथे दीपगृहांचे आराखडे निघायचे तिथेच. नकाशावर देवमासे आणि जहाजं काढली गेली. आणि वडिलांनी स्वतः बसून, अक्षर बदलून, कॅप्टन फ्लिंटची खोटी सही ठोकली.

मुलगा त्या ऑफिसात इंजिनिअर म्हणून कधीच बसला नाही. पण बापलेकांचं एक काम तिथे झालं ते असं. चार वर्षांनी, १८८७ मध्ये वडील गेले.

मग पुढे काय झालं?

स्टीव्हन्सन प्रकृतीसाठी पॅसिफिक महासागरात गेला आणि शेवटी सामोआमध्ये घर बांधून राहिला. तिथले लोक त्याला 'तुसिताला' म्हणायचे, म्हणजे गोष्टी सांगणारा. ३ डिसेंबर १८९४ ला मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय फक्त ४४. ज्या फुप्फुसांनी जन्मभर घाबरवलं, त्यांनी नव्हे तर भलत्याच आजाराने नेलं. सामोआच्या लोकांनी जंगल तोडून वाट केली आणि त्याला वेआ डोंगरावर पुरलं.

मरणाच्या वर्षीच छापून आलेल्या एका लेखात त्याने 'ट्रेझर आयलंड'ची जन्मकथा सांगितली. त्याचं सांगणं असं की लेखकाला आपला प्रदेश तळहातासारखा माहीत हवा. आधी नकाशा काढा, त्याच्याकडे बघत राहा, गोष्ट त्यातूनच उगवते.

आज टेबलटॉप गेम चालवणारा कुठलाही माणूस हेच करतो. आधी नकाशा, मग माणसं, मग नियम आणि मग गोष्ट. एच. जी. वेल्सने अशाच युद्धखेळाच्या नियमांचं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक काढलं ते १९१३ मध्ये, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला १९७४ मध्ये. स्टीव्हन्सन आणि लॉइड माळ्यावर गुडघे टेकून बसले होते ते त्याच्या कितीतरी आधी.

आणि ती कागदी माणसं? १८८४ च्या त्या लेखात स्टीव्हन्सनने बेंजामिन पोलॉक नावाच्या लंडनमधल्या दुकानदाराकडे जा असं सांगितलं होतं. त्या लेखाने पोलॉकचं नाव झालं. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पोलॉकच्या नावाचं दुकान आजही आहे आणि तिथे आजही कागदी थिएटर मिळतं.

त्यामुळे घरात कुणी तासन्‌तास कागद कापत, रंगवत, पुठ्ठ्यावर चिकटवत बसलं असेल तर वेळ वाया घालवतोय म्हणून ओरडू नका. जमलं तर शेजारी बसा. थॉमस स्टीव्हन्सन बसले होते.