विश्लेषण : बास मासा लाकडी माशाला का फसतो? कोण होते लॉरी रापाला?

अमेरिकेतल्या हौशी मासेमाराची पेटी उघडली, की त्यात एक सडपातळ, चंदेरी, लाकडी मासा हमखास दिसतो. बास पकडण्यासाठी त्याच्यावर तिथे कमालीचा भरवसा. गंमत अशी, की तो घडवणारे लॉरी रापाला फिनलंडचे आणि त्यांच्या तळ्यात बास नव्हताच.

बास म्हणजे नेमका कोणता मासा?

इथे बास म्हणजे लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ हे उत्तर अमेरिकेतले गोड्या पाण्यातले शिकारी मासे. आपला जिताडा इंग्रजीत ‘एशियन सीबास’ म्हणून ओळखला जातो, पण त्याचे कूळ वेगळे. लार्जमाउथ बास भक्ष्याच्या मागे फार लांब धावत नाही. पाणवनस्पती, बुडालेले झाड किंवा खडकाच्या सावलीत तो दबा धरून बसतो आणि सोपी शिकार समोर आली की झडप घालतो. सोपी शिकार कोणती, हेच रापाला यांनी ओळखले.

चुकून मिळालेले आडनाव

लॉरी यांचा जन्म १९०५ साली सिस्मा भागातला, मूळ आडनाव सारिनेन. पुढे आई त्यांना घेऊन असिक्काला येथे आली. तिथल्या पाद्रीबाबांना नोंद करताना त्यांचे आडनाव आठवेना, म्हणून त्यांनी आधीच्या गावाचे नाव लिहून टाकले : रापाला. फिनिश भाषेत ‘रापा’ म्हणजे चिखल. आज हा शब्द जगभर ब्रँड म्हणून चालतो.

१९२८ साली एल्मा यांच्याशी लग्न झाले. घरात खाणारी तोंडे वाढत होती आणि १९३०च्या दशकात मंदी होती. लॉरी जंगलात लाकूडतोड करत आणि पायान्ने तळ्यात मासेमारी. लांब दोरीला शेकडो गळ, प्रत्येक गळाला जिवंत आमिष, आणि नाव वल्हवायची ती हातांनी. आमिष लावण्यातच दिवस जायचा. एकच नकली मासा पुन्हा पुन्हा वापरता आला, तर हा वेळ वाचणार होता. हौस वगैरे नंतरची गोष्ट. प्रश्न पोटाचा होता.

तळ्यात त्यांनी काय पाहिले?

नाव वल्हवताना लॉरी पाण्यात बघत राहायचे. शिकारी मासा छोट्या माशांच्या थव्यात शिरला, की बहुतेक वेळा एका बाजूला कलून, डळमळत पोहणारा जखमी मासाच उचलायचा. त्यांनी ही डळमळ लाकडात उतरवायचे ठरवले. १९३६ साली चांभारी सुरी आणि सँडपेपरने बुचाच्या लाकडाचा पहिला जमलेला मासा तयार झाला. चॉकलेटची चांदी गुंडाळून चमक आणली. वार्निश परवडत नव्हते, म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला हा ‘प्रोजेक्ट’ पूर्ण गुण घेऊन गेला असता.)

खरी करामत तोंडाखालच्या छोट्या पट्टीत आहे. ओढताना पाणी तिच्यावर आदळते, दाब एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जातो आणि मासा डुलू लागतो. या माशावर लॉरी यांनी एका दिवसात ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७० किलो मासे पकडल्याची आख्यायिका तिकडे सांगतात. मोजायला कोणी उभे नव्हते, हे खरे.

बाससाठी तो कसा वापरतात?

नवशिके इथेच चुकतात : टाकला की सरळ गुंडाळत सुटतात. तरंगणारा मासा वनस्पतींच्या कडेला टाकावा, पाण्यावरची वर्तुळे विरेपर्यंत थांबावे, मग रॉडचे टोक हलकेच झटकून पुन्हा थांबावे. बास अनेकदा या थांब्यातच घेतो. पाणी थंड असेल तर थांबा लांबवावा, कारण गारठ्यात तो सुस्त असतो. पहाटे आणि संध्याकाळी उथळ कडा पाहाव्यात, भर उन्हात सावली.

गाठ कडीवर घट्ट आवळली तर डुलणे मरते. सैल फास राहणारी गाठ मारावी. तिला ‘रापाला नॉट’ असेच नाव पडले आहे. मासा ओढताना एका बाजूला पळत असेल, तर त्याचे तोंड आपल्याकडे धरून दोरीची कडी पक्कडीने विरुद्ध बाजूला किंचित वाकवावी. किंचितच, नाहीतर कडी ढिली होते.

अमेरिकेत नाव कसे झाले?

१९५९ साली मिनेसोटाच्या रॉन वेबर यांच्या हाती हा मासा लागला. त्यांनी रे ऑस्ट्रॉम यांच्यासोबत तो आयात करायला सुरुवात केली. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच निधन पावलेल्या मेरिलिन मन्रो होत्या, त्यामुळे अंक प्रचंड खपला. मागण्यांचा पूर आला; माल मात्र लॉरी आणि त्यांची मुले हाताने घडवतील तेवढाच. काही दुकानदार अनामत घेऊन हे मासे भाड्याने देत, असे सांगितले जाते.

पुढे कारखाना उभा राहिला, पण प्रत्येक मासा पाण्याच्या टाकीत ओढून, नीट डुलतो का हे पाहूनच बाहेर पाठवायचा, ही लॉरी यांची पद्धत तिथेही कायम राहिली. १९७४ साली त्यांचे निधन झाले.