मदनमंजरी

मुलांनो, सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे गाव शिबपूर, ते आज बांगलादेशात आहे. संगीताच्या वेडापायी ते लहानपणीच घरातून पळाले. घरच्यांनी शोधून आणले आणि मदिना बेगम यांच्याशी निकाह लावला. पण त्याच रात्री ते पुन्हा निघून गेले! सांगा, त्या नवरीचा काय दोष?

रामपूरला वजीर खाँ यांच्याकडे त्यांनी कठोर मेहनत केली. पुढे मैहरच्या दरबारात ते स्थिरावले. त्यांनी अनेक नवे राग रचले. त्यांतला 'मदनमंजरी' पत्नीसाठी. राग म्हणजे एखादे गाणे नव्हे; त्यात कितीही गती बांधता येतात. मैहरमधील घरालाही त्यांनी 'मदिना भवन' नाव दिले. १९७२ मध्ये ते मैहरलाच वारले. मदनमंजरी त्यांच्या शिष्यांनीही वाजवला.