मलिक अंबर आणि खडकीचे पाणी

वाचकहो, आपल्या वाशीम जिल्ह्याचा नकाशा एकदा समोर ठेवा आणि नद्यांचा माग काढा. काटेपूर्णा आपल्याच डोंगरात उगम पावते व उत्तरेस अकोल्याकडे निघून जाते. महानच्या धरणात अडविलेले तिचे पाणी अकोला शहर पिते. अडाण आणि अरुणावती यवतमाळच्या बाजूला उतरतात. पैनगंगा दक्षिणेच्या कडेकडेने पुढे जाते. आपण पाणलोटाच्या माथ्यावर बसलेली माणसे आहोत. पाऊस आपल्या दारी पडतो आणि उन्हाळा लागला की आपणच घागरी घेऊन रांगेत उभे राहतो.

अशा मुलुखात पाणी कोणी आणावे, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि पाणीपट्टी किती असावी, हे प्रश्न दरवर्षी नव्याने निघतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातील नळयोजनेच्या भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा सर्वसाधारणपणे गावाने लोकवर्गणीतून उभा करावा, डोंगरी व अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांनी विसावा हिस्सा द्यावा, असे ठरले. त्यापूर्वी २००२ च्या स्वजलधारा योजनेतही लोकवाट्याची अट होती. अशा अटी आल्या की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकार कशासाठी आहे? दुसरा म्हणतो, फुकटाची किंमत राहत नाही. या वादात दोन्ही बाजूंना ऐकवावी अशी एक जीवनकथा आपल्याच दख्खनच्या इतिहासात आहे. ती म्हणजे मलिक अंबर यांची.

मोगलांना वीस-पंचवीस वर्षे झुंजविणारा सेनापती ही त्यांची ओळख आपल्याला शाळेपासून आहे. ती खरी आहे, पण अपुरी आहे.

मलिक अंबर यांचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच ते गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडले. मोखा, बगदाद अशा बाजारांतून हे मूल हातोहात विकले गेले. बगदादकडील एका धन्याने त्यांना इस्लामची दीक्षा व शिक्षण दिले आणि अंबर हे नाव ठेवले. लिहिणे, वाचणे, हिशेब ठेवणे या गोष्टी त्यांना याच काळात आल्या असाव्यात. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत हे वाक्य ओलांडून पुढे जाऊ नये असे आम्हांस वाटते. अंगावरच्या कपड्यावरही ज्याची मालकी नव्हती, त्या पोराला मिळालेली ही एकच वस्तू अशी होती की जी पुढच्या धन्याला काढून घेता आली नाही.

पुढे ते दख्खनमध्ये आले आणि अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतले. हे चंगेजखान स्वतःही एकेकाळचे हबशी गुलाम होते. वऱ्हाडची इमादशाही संपवून तो मुलूख निजामशाहीला जोडण्याचे १५७४ चे कर्तृत्व मुख्यतः त्यांचेच. म्हणजे तरुण अंबरांच्या धन्याचा आपल्या वऱ्हाडाशी असा जवळचा संबंध होता. धनी वारल्यावर अंबर गुलामीतून मुक्त झाले. त्यांनी काही वर्षे इतर दरबारांत शिपाईगिरी केली, विजापूरकरांकडून त्यांना मलिक हा किताब मिळाला आणि १५९५ च्या सुमारास ते पुन्हा निजामशाहीत परतले.

तो काळ निजामशाहीच्या पडझडीचा होता. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेला. अकबराच्या व्यवस्थेत वाशीम हे वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून नोंदले गेले. १६०० साली अहमदनगरचा किल्लाही पडला. राज्य संपले असे सर्वांनी धरले असता अंबरांनी निजामशाही घराण्यातील एका वंशजाला परांड्यास गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. राजधानी परांड्याहून जुन्नरला व १६१० च्या सुमारास दौलताबादेस आली. त्याच सुमारास किल्ल्यापासून काही कोसांवर, खाम नदीकाठी, खडकी नावाच्या खेड्याच्या जागी त्यांनी नवे शहर वसविले. हेच पुढे औरंगाबाद झाले व २०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे.

लढायांची जंत्री येथे देत नाही. ती कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात सापडेल. आम्हांस सांगावयाचे आहे ते वसुलाविषयी, कारण पाणी आणायचे तर आधी पैसा लागतो आणि तो कोठून व कसा येतो यावर पुढचे सारे अवलंबून असते.

त्या काळी महसूल मक्त्याने देण्याची चाल होती. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून वाटेल तितके उकळी. अंबरांनी ही चाल बंद केली. वसुलीचे काम हिशेबात मुरलेल्या ब्राह्मण कारकुनांकडे दिले व त्यांच्यावर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली. मोडकळीस आलेली गावव्यवस्था पुन्हा उभी केली. शेतात प्रत्यक्ष काय पिकले ते पाहून त्यातील ठरावीक हिस्सा धान्यात घ्यायचा, काही हंगामांचा अनुभव घेऊन मग तो रोख रकमेत बदलायचा आणि ती रक्कमही दरसाल लागवड पाहून ठरवायची, अशी त्यांची पद्धत होती. धान्यातील हिस्सा पाच भागांपैकी दोन होता असे सांगतात. रोख आकारणी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बसे अशी परंपरा आहे. आजच्या दृष्टीने हा बोजा हलका नव्हे. परंतु मक्तेदाराच्या काळात वरच्या हिश्श्याला मर्यादाच नव्हती, हे ध्यानात घ्यावे. मिरासदाराची जमीन त्याची राहिली आणि पडीक जमीन गुरांच्या चराईसाठी गावकीची मानली गेली. शहाजीराजे ज्या राज्यात वाढले ते हे राज्य. शिवाजी महाराजांच्या जमीनव्यवस्थेची मुळे शोधताना अभ्यासक मलिक अंबरांच्या या पद्धतीपर्यंत जातात, ते उगाच नव्हे.

आपला बालाघाट या काळात कधी मोगलांकडे, कधी अंबरांकडे असा हात बदलत राहिला. १६१७ च्या तहात तो मोगलांना परत द्यावा लागला आणि पुढे काही वर्षांत अंबरांनी पुन्हा तेथे हात घातला. एकाच गावच्या पाटलाला दोन सरकारांचे कामदार पाहावे लागले, तेव्हा कोणाचा वसूल सोसवतो हे त्याला कोणी सांगावे लागले नसेल.

आता नहरीकडे वळू. खडकीत लष्कर आले, बाजार आला, मस्जिदी उठल्या. पाणी मात्र खाम नदीचे, म्हणजे उन्हाळ्यात बेताचेच. १६१६ साली रोषणगावच्या लढाईनंतर मोगल फौजेने हे शहर जाळून उद्ध्वस्त केले. नहरीचे काम साधारण याच काळातले. ती १६१७ च्या सुमारास पुरी झाली असे मानतात. शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूला डोंगरातील झरे व जमिनीत मुरलेले पाणी जेथे सापडते, तेथून शहरापर्यंत जमिनीखालून बांधीव बोगदा नेण्यात आला. त्याचा उतार इतका बेताचा ठेवला की पाणी आपोआप चालत यावे, पण भिंती खरवडून टाकण्याइतका त्याला वेग येऊ नये. ना मोट, ना रहाट, ना बैल. वाटेत ठरावीक अंतरावर शंभराहून अधिक माणूसविहिरी ठेवल्या, म्हणजे माणूस खाली उतरून गाळ काढू शकेल व आतील हवाही खेळती राहील. शहरात पाणी उंच दगडी बंब्यांत चढे. तेथे त्याचा दाब मोडे आणि मग मातीच्या नळांतून ते हौदांत, मस्जिदींत, सरायांत व मोहल्ल्यांत जाई. हे काम होणारच नाही म्हणून दरबारात थट्टा झाली होती, अशी आख्यायिका आहे. जमिनीखालची ही विद्या इराण व अरबस्तानात फार जुनी. आपल्या काळ्या पाषाणात ती बसवून दाखविणे ही अंबरांची करामत होय.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना येथे हजरत उस्मान (रजि.) यांच्या विहिरीची आठवण होईल. मदिनेत रुमा नावाची गोड्या पाण्याची विहीर होती आणि तिचा मालक पाणी विकत असे. गरिबांचे हाल पाहून हजरत उस्मान यांनी आधी तिचा अर्धा हक्क विकत घेतला. त्यांच्या पाळीच्या दिवशी लोक दोन दिवसांचे पाणी फुकट भरून नेऊ लागले, मालकाचे गिऱ्हाईक तुटले आणि त्याने उरलेला हक्कही विकला. ती विहीर सर्वांसाठी वक्फ झाली. आमच्या समाजात सबील, हौद, विहीर बांधून देण्याची जी हौस आहे तिचे मूळ येथे आहे आणि ती हौस टिकली पाहिजे. परंतु एका दानशूराने विहीर देणे वेगळे आणि हजारो घरांच्या शहराला बारमाही पाणी पुरविणे वेगळे. अंबर धर्मनिष्ठ होते, त्यांना सदक्याचे पुण्य ठाऊक होते. तरीही नहर त्यांनी धनिकांच्या वर्गणीवर सोडली नाही. ती राज्याचे काम म्हणून काढली आणि राज्याचे काम म्हणून पुरी केली.

आमच्या मते, पहिला खर्च सरकारचा, हा दंडक येथे स्पष्ट दिसतो आणि आजचा कायदाही त्याच्यापासून फार दूर नाही. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा कायद्यात पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. १९९२ च्या ७३ व ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या परिशिष्टांत गावांच्या व शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांत पिण्याचे पाणी आहेच. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड येथील नागरिकाने पाण्यासाठी नगरपरिषदेच्या दारात जाणे ही याचना नव्हे. मग पाणीपट्टी द्यायची की नाही? द्यावी. बोगदा एकदा खणून होतो, गाळ दरवर्षी काढावा लागतो आणि त्याचा खर्च वापरणाऱ्याने उचलावा हे न्यायाचेच आहे. पण दर ठरविताना अंबरांचे कारकून जसे आधी शेतात काय पिकले ते पाहत, तसे नळाला काय आले तेही पाहिले पाहिजे.

याचे उदाहरण त्याच शहराने पुढे घालून दिले. जायकवाडीचे पाणी आले, वस्ती वाढली, जुन्या नहरींवर इमारती उठल्या, माणूसविहिरी बुजल्या, विंधन विहिरींनी झरे ओढून घेतले. २०१४ साली शहराचा पाणीपुरवठा एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आला. लोकांचा रोष इतका झाला की २०१६ साली तो करार रद्द करावा लागला. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत असताना घरगुती पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपये होती. २०२२ साली ती निम्म्यावर, २,०२५ रुपयांवर आणली गेली. मक्त्याची जुनी चाल निराळ्या वेषात परत आली होती, असे आम्ही म्हटले तर कोणी रागावू नये.

मलिक अंबर यांना देवदूत ठरविण्याची मात्र आमची इच्छा नाही. त्यांच्या गनिमी युद्धात शत्रूला चारा-पाणी मिळू नये म्हणून मुलूख उजाड केला जाई आणि त्याची झळ रयतेलाच बसे. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल व विजापूरकरांच्या एकत्रित फौजा चालून आल्या, तेव्हा त्यांनी तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात रुतविली. शहराला पाणी पाजणारा वजीर पाण्याने फौजही बुडवू शकत होता. जहांगीर बादशहाचा त्यांच्यावर इतका राग की आपण अंबरांच्या शिरावर बाण मारीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. ती इच्छा चित्रातच राहिली.

१६२६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास, मलिक अंबर वारले. मोगल दरबारच्या इतिहासकारालाही त्यांच्या लष्करी कौशल्याची आणि कारभाराची तारीफ करावी लागली. त्यांचे पुत्र फतेहखान यांना राज्य सांभाळता आले नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले आणि तीन वर्षांत निजामशाही संपली. नहर मात्र चालू राहिली. औरंगजेबाने शहराला आपले नाव दिल्यावर वस्ती वाढली तशा अंबरांच्या नमुन्यावर आणखी नहरी निघाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरे आणि तिच्या पिठाच्या भाकऱ्या फकिरांना व वाटसरूंना मिळत. विसाव्या शतकातही जुन्या शहरातील काही मोहल्ले नहरीचेच पाणी भरीत.

खुलताबादेस हजरत जरजरी जरबख्श यांच्या दर्ग्याजवळ मलिक अंबर यांनी आपल्या हयातीतच बांधून घेतलेली कबर आहे. उरुसाला आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्यांनी तेथे फातिहा पढावी, आणि परतताना हर्सूलच्या बाजूला थोडे थांबून, झाडाझुडपांत दडलेल्या त्या दगडी माणूसविहिरी कोठे दिसतात काय, ते पाहावे.