हाक आली, पण घराचं काय?

करिअर बदलायचं म्हटलं तरी घरी सांगताना तुमची जीभ अडखळते ना? कवी नारायण वामन टिळकांना तर धर्म बदलायचा होता! १८९३मध्ये रेल्वेत एका अनोळखी प्रवाशानं त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. वाचला, पटला. पण पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानग्या दत्तूचं काय? दोन वर्षं जिवाची घालमेल झाली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई दत्तूसह दूर राहिल्या, रडल्या, खचल्या. काही वर्षांनी संसार पुन्हा जुळला. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःला पटल्यावरच. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सगळं मोकळेपणानं लिहिलंय. जरूर वाचा. हाक टिळकांना आली होती. तिची झळ कुणाकुणाला लागली, ते कळेल.