माणिकबागेतल्या खुर्च्या

अंधेरीहून ओशिवरा तसं जवळच. तिथल्या जुन्या फर्निचरच्या बाजारात परवा एका दुकानाबाहेर आरामखुर्ची दिसली. सागवानी चौकट, मागे दांडा अडकवायच्या खाचा आणि मधे झोळीसारखं लोंबणारं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड. अगदी अशीच खुर्ची आमच्या घाटकोपरच्या चाळीत होती. वडील कचेरीतून आले की ती उघडत आणि आम्हां पोरांचे आवाज आपोआप खाली येत. चाळ सोडताना ती मी भंगारवाल्याला देऊन टाकली होती. आता दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून मी मुकाट्याने पुढे सरकलो. पण घरी येईपर्यंत डोक्यात एक मराठी राजा घोळत राहिला. खुर्च्यांचे शौकीन आजही जगभर ज्यांचं नाव घेतात, ते इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे.

यशवंतरावांचा जन्म १९०८चा. गादी त्यांच्याकडे आली ती मात्र चमत्कारिक रीतीने. १९२५च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर बावला नावाच्या धनिकाचा खून झाला. त्याचे धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत पोचले आणि चौकशीला सामोरं जाण्यापेक्षा वडील तुकोजीराव यांनी १९२६मध्ये गादी सोडली. सतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला. पूर्ण अधिकार हाती यायला १९३० साल उजाडलं. मधल्या काळात ऑक्सफर्डला शिकताना एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी त्यांची मैत्री जमली. पत्नी संयोगिताराजे कोल्हापूरजवळच्या कागलकर घराण्यातल्या. नवऱ्याइतकीच त्यांनाही नव्याची ओढ.

या तिघांच्या उत्साहातून इंदूरला माणिकबाग राजवाडा उभा राहिला. राजवाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झुंबरं, सोनेरी महिरपी आणि सिंहाच्या पंजांचे पाय असलेली आसनं येतात. इथे त्यातलं काही नव्हतं. होत्या साध्या सरळ भिंती, काच, धातू आणि पॅरिस-बर्लिनहून आणलेल्या खुर्च्या.

या खुर्च्यांचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागतं. राजाचं आसन हे मुळी आरामासाठी नसतंच. सिंहासनावर पाठ ताठ ठेवावी लागते. समोरच्याला आपली पायरी कळावी हेच त्याचं काम. आरामखुर्चीचं काम नेमकं उलटं. साहेबाच्या बंगल्यातली लांब हातांची, वेताने विणलेली खुर्ची पाय पसरायला केलेली. पुढे ती आपल्या वकील-डॉक्टरांच्या पडवीतही आली. आगबोटीच्या डेकवरची कापडी खुर्ची घडी घालून उचलता येई. चाळीतल्या आमच्या खुर्चीचं नातं तिच्याशीच.

१९२०नंतर पॅरिसमधल्या काही कलावंतांनी हाच धागा पकडला. खुर्ची हुद्द्याला साजेशी करण्याऐवजी शरीराला मानवेल अशी करायची, असं त्यांनी ठरवलं. आयलीन ग्रे या आयरिश बाईंनी केलेल्या खुर्चीचं नावच ट्रान्सॅट. अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवरच्या खुर्चीवरून घेतलेलं. लाकडी चौकट, मधे झोळीसारखी गादी आणि मागेपुढे होणारी डोक्याची टेकण. पुढे चंडीगडमुळे आपल्याला माहीत झालेले ल कॉर्ब्युझिए आणि पिएर जानरे यांनी शार्लोत पेरियाँ यांच्याबरोबर १९२८मध्ये वाकवलेल्या पोलादी नळीची लांब आरामखुर्ची केली. तिची कमान खालच्या घोडीवर सरकवली की हवं तितकं रेलता येतं. या दोन्ही खुर्च्या माणिकबागेत आल्या. दुसरीवर तर बिबट्याचं कातडं चढवलं होतं. राजेपण तेवढं शिल्लक! मुथेसियसने ग्रंथालयासाठी केलेल्या लाल खुर्च्यांत वाचनाचे दिवे खुर्चीतच बसवलेले होते. पुस्तक घेऊन एकटं बसावं, अशी सोय.

हा खर्च पटण्यासारखा होता का? जन्म बँकेत गेलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. संस्थानाच्या तिजोरीमागे माळव्यातल्या शेतकऱ्याचा घाम होता आणि जमाखर्चाच्या वहीत सौंदर्याला वेगळा रकाना नसतो. पण त्याच यशवंतरावांच्या आश्रयाखाली होळकरांच्या संघाने कर्नल सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक चारदा जिंकला आणि त्यांच्या नावाच्या एमवाय रुग्णालयात इंदूरची गोरगरीब माणसं आजही जातात. माणसाचा हिशेब एका खात्यावर मांडता येत नाही.

आणि त्या खुर्च्यांत बसणं तरी किती घडलं? १९३७ साली संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. पंचविशीही गाठली नव्हती. ध्यानमंदिरासाठी इंदूरला आलेला शिल्पकार ब्रांकुशी १९३८च्या सुरुवातीला परत गेला. मंदिर झालंच नाही. यशवंतरावांनी पुढे पुनर्विवाह केले, अमेरिकेच्या वाऱ्या झाल्या. १९४८मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झालं. १९६१ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, ते गेले.

राजवाडा कालांतराने सरकारकडे आला आणि तिथे केंद्रीय अबकारी खात्याच्या फायली लागल्या. फर्निचरचा १९८०मध्ये मोंटे कार्लोला लिलाव झाला. बँकेत आमच्याकडे डेड स्टॉकचं रजिस्टर असे. दर वर्षी घसारा काढत काढत खुर्ची अखेर एक रुपयावर येऊन थांबे. माणिकबागेच्या खुर्च्यांचं उलटं झालं. वर्षागणिक त्यांची किंमत वाढत गेली. २०१९मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांच्या खुर्च्या पुन्हा त्याच शहरात आल्या. पण बसायची सोय नाही. ज्या खुर्च्यांनी सिंहासनाचा तोरा उतरवला, त्यांचीच आता सिंहासनं झाली आहेत. शरीरासाठी केलेली वस्तू शरीरापासून तोडली की ती महाग होते, हे मला खरोखर उमगलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा ओशिवऱ्याला गेलो. खुर्ची होती तिथेच होती. घासाघीस करून घेतली, कापड नवं लावून घेतलं. ठेवणार कुठे, हा सौभाग्यवतींचा प्रश्न रास्त होता. शेवटी गॅलरीतल्या दोन कुंड्या हलल्या. दुपारी नातवाने विचारलं, आजोबा, यात बसलं तर चालेल का? म्हटलं, बस. त्यासाठीच आणली आहे.