विश्लेषण : दोन वर्षांच्या लेकीला घेऊन विलायतेत… पंडिता रमाबाईंनी परदेशात मनोरमेला कसे वाढवले?

लहान मुलांना घेऊन परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना काही प्रश्न हमखास पडतात. मुलांनी काय खायचे? देवाधर्माचे कोणी आणि काय शिकवायचे? आपण कामावर असताना मूल कोणाजवळ राहणार? आणि तिथेच वाढलेले मूल आपले राहील का? हे सगळे प्रश्न १८८३ मध्ये २५ वर्षांच्या एका विधवेपुढे उभे राहिले होते. पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला पोहोचल्या, तेव्हा माहेर किंवा सासर म्हणावे असे त्यांच्यामागे कोणीच नव्हते.

रमाबाई इंग्लंडला का गेल्या?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. राहिलेल्या भावासह रमाबाई पायी फिरत कोलकात्यापर्यंत पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊही गेला. १८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या सुरुवातीला पती निवर्तले.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज स्थापला आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांची गरज मांडली. स्वतः वैद्यकी शिकायची म्हणून त्यांनी इंग्लंड गाठले. प्रवासखर्चाला ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्या पुस्तकाचे उत्पन्न उपयोगी पडले.

तेथे राहण्याची सोय काय होती?

वाँटेज या गावी ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ हा अँग्लिकन जोगिणींचा मठ होता. या मठाच्या भगिनी पुण्यातही काम करत, त्यामुळे ओळख आधीची होती. व्यवहार सरळ होता. भारतात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात राहण्या-जेवण्याची व इंग्रजी शिकण्याची सोय व्हायची. आपल्याला कोणाच्या दानावर राहायचे नाही, हा त्यांचा आग्रह होता.

पण पहिले वर्षच कसोटीचे ठरले. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी काही महिन्यांतच तेथे जीवन संपवले. परक्या मुलखात रमाबाईंना असलेली आपल्या माणसाची एकमेव सोबत तुटली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर टीकेचे मोहोळ उठले. शिवाय त्यांना ऐकू कमी येत होते. त्यामुळे डॉक्टर होण्याचे मूळ स्वप्नही सोडावे लागले.

मुलीला कोणी सांभाळले?

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात राहू लागल्या. तेथे त्या गणित, विज्ञान आणि इंग्रजी साहित्य शिकत व संस्कृत शिकवत. या काळात मनोरमा बहुतेक वाँटेजलाच भगिनींजवळ राहिली. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत. नातेवाईक नसलेल्या देशात त्यांनी लेकीसाठी जोडलेले हे नाते नावापुरते नव्हते. भगिनींनी मुलीवर खरोखर माया केली.

मग वाद कशावरून झाला?

धर्म बदलला तरी रमाबाईंनी साडी आणि शाकाहार सोडला नाही. अंडीही त्यांना चालत नसत. भगिनींना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसे. रमाबाईंच्या दृष्टीने ख्रिस्ती होणे आणि इंग्रज होणे या वेगळ्या गोष्टी होत्या.

मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून हा वाद टोकाला गेला. त्रैक्यासारख्या काही सिद्धान्तांबद्दल रमाबाईंच्या मनात शंका होत्या. जे आपल्याला पटलेले नाही, ते मुलीला शिकवू नये असे त्यांनी १८८५ मध्ये कळवले. मनोरमेने आपल्या देशातील माणसांवर त्यांच्यातलीच एक म्हणून प्रेम करावे, स्वतःला त्यांच्याहून वरची समजू नये, हेही त्यांनी पत्रांतून स्पष्ट केले. मठाला हा कृतघ्नपणा वाटला. रमाबाईंसाठी मात्र हा आई म्हणून हक्काचा प्रश्न होता. ज्यांचे आपण मिंधे आहोत, ज्यांच्यावाचून उद्याचा दिवस निभणार नाही, त्यांनाच नकार देण्याची ही वेळ होती. त्यांनी नकार दिला, पण नाते तोडले नाही.

अमेरिकेत काय घडले?

फेब्रुवारी १८८६ मध्ये पाच वर्षांची होत आलेल्या मनोरमेला घेऊन त्या अमेरिकेला निघाल्या. निमित्त होते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात झालेल्या या समारंभाला रमाबाई हजर होत्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तेथे सुमारे पावणेतीन वर्षे राहिल्या. विधवांच्या शाळेसाठी निधी जमवत गावोगाव भाषणे द्यावी लागली. लहान मुलीला घेऊन ते शक्य नव्हते. म्हणून मनोरमेला पुन्हा वाँटेजच्याच भगिनींकडे पाठवावे लागले. ज्यांच्याशी भांडण झाले, मुलगी सोपवण्याइतका विश्वासही त्यांच्यावरच होता.

याच काळात त्यांनी किंडरगार्टन, म्हणजे बालवाडीची पद्धत शिकून घेतली. पाठांतर आणि छडीऐवजी खेळ, गाणी आणि हाताने काम करत शिकणे, ही पद्धत आपल्याकडे न्यावी असे त्यांनी ठरवले.

या परदेशवासाचे फलित काय?

फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईत परतल्या आणि ११ मार्चला ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढे केडगावचे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकली, पण तिथे स्थायिक झाली नाही. आईच्या संस्थेत शिकवले, गुलबर्ग्यात शाळा चालवली. परदेशात असताना रमाबाईंना जी भीती वाटत होती, ती खरी ठरली नाही.

१९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. वाँटेज आणि चेल्टनहॅमच्या काळातील त्यांची पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवली होती. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. रमाबाईंचे म्हणणे आज वाचता येते, ते त्यांच्याशी वाद घालणाऱ्या ‘आजीबाईं’मुळेच.